टोमॅटोला 'पुरे' कोण सांगतं?

मागच्या अंकात टोमॅटोची फुलं का गळतात याचं उत्तर देताना मी ओघात लिहून गेले की "झाडांमध्ये हार्मोन असतात पाचच". त्या एका 'च'ने इतकी पत्रं आणलीत की यावेळी कढीपत्त्याची पिवळी पानं आणि गुलाबावरचा मावा दोन्ही बाजूला ठेवलेत, हा अख्खा कॉलम त्या 'च'ची भरपाई समजा.

प्रश्न : ताई, तुमचा कॉलम नियमित वाचतो पण "पाचच" वाचून थबकलो. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, तेव्हा आम्हीही पाचच शिकवले. आता नात एमएस्सी करतेय, तिच्या वहीत पेप्टाइड हार्मोन असा मोठा धडाच दिसला. म्हणजे झाडांनाही इन्सुलिनसारखं काही असतं का? (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

गुरुजी, चूक कबूल. हात पुढे करते, छडी हळू मारा. ऑक्सिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, इथिलीन आणि अॅबसिसिक अॅसिड हे पाच म्हणजे जुनी जाणती मंडळी, त्यांच्यात नंतर ब्रासिनोस्टेरॉइड, जास्मोनेट वगैरे भर पडली, पण ही सगळी छोटी छोटी रसायनं आहेत, प्रोटीनशी त्यांचा संबंध नाही. पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचाच आखूड तुकडा, अमिनो अॅसिडचे मणी एका ठरावीक क्रमाने ओवलेली छोटीशी सर. आपल्या इन्सुलिनमध्ये असे ५१ मणी असतात. माणसाच्या आणि जनावरांच्या शरीरात निरोप्याचं काम पेप्टाइड करतात हे १९२० च्या दशकापासून माहीत होतं, पण झाडांकडे तसं काही नसतंच असं जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं सगळ्यांनी. १९९१ मध्ये टोमॅटोच्या पानात पहिलं सापडलं, त्याची गोष्ट खाली नारायणगावच्या दादांच्या उत्तरात येईलच.

तुम्हाला मी दुसरंच सांगते, मला जास्त आवडणारं. झाडाच्या पेशी सुट्या करून बाटलीत वाढवायच्या तर एक गंमत व्हायची, पेशी दाटीने असल्या की मस्त विभागायच्या आणि फार विरळ झाल्या की नुसत्या बसून राहायच्या, खायला प्यायला सगळं असूनही. (मी स्वतः लॅबमध्ये असताना गाजराच्या पेशींवर तीन महिने घालवलेत आणि शेवटी बुरशीच उत्तम वाढवलीय, असो.) मग लोक काय करायचे, की ज्या द्रवात आधी भरपूर पेशी वाढल्यात तो गाळून या विरळ पेशींना द्यायचे आणि त्या लगेच कामाला लागायच्या. म्हणजे आधीच्या पेशींनी त्या पाण्यात काहीतरी सोडलेलं होतं. जपानमध्ये नागोया विद्यापीठात मात्सुबायाशी आणि साकागामी यांनी १९९६ मध्ये ते काहीतरी शोधून काढलं, अस्पॅरॅगसच्या पेशींमधून, म्हणजे आपल्या शतावरीच्या चुलतभावाकडून. निघालं काय, तर फक्त पाच अमिनो अॅसिडचं पेप्टाइड, त्यातल्या दोन मण्यांना सल्फेट चिकटवलेलं. नाव फायटोसल्फोकाइन. पाच मणी! तुमचे जुने पाच हार्मोन आणि हा पाच मण्यांचा एकटा.

प्रश्न : गच्चीवर परदेशी बियांचे मोठे 'बीफस्टेक' टोमॅटो लावलेत. फळं येतात पण वेडीवाकडी, भोपळ्यासारख्या फाका पडलेली, आणि एका फांदीवर तर तीन फुलं एकत्र चिकटल्यासारखं मोठ्ठं फूल आलंय. हा रोग आहे का? शेजारच्या काकू म्हणतात व्हायरस, उपटून टाक. (गच्ची बागवाली, कोथरूड, पुणे)

अगं उपटू नकोस! पानं नीट हिरवी सपाट असतील, चुरडामुरडा नसेल तर व्हायरस नाही तो, त्या जातीचा स्वभावच आहे. आणि या स्वभावाच्या मागे एक पेप्टाइडच आहे, म्हणून तुझं पत्र बघून मला फार आनंद झाला.

आधी एक कर. घरात असलेला कुठलाही साधा लांबट टोमॅटो घे आणि आडवा काप, उभा नाही. मध्ये बियांचे कप्पे दिसतील, बहुतेक दोन किंवा तीन. मग तुझा तो बीफस्टेक आडवा काप आणि मोज, आठ दहा सहज निघतील, कधी मोजता मोजता हिशेब चुकतो. टोमॅटोच्या जंगली पूर्वजांची फळं बोराएवढी आणि त्यात कप्पे दोनच. दोनाचे दहा झाले म्हणून फळ मोठं झालं. तर कप्पे वाढले कसे?

झाडाच्या प्रत्येक शेंड्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्याहूनही लहान असा एक उंचवटा असतो, त्यात मूळपेशी म्हणजे स्टेम सेल असतात, पान फूल फांदी सगळं तिथून निघतं. या पेशी कमी पडल्या तर शेंडा संपून जाईल, जास्त झाल्या तर शेंडा पसरट होऊन बसेल. मग मोजमाप ठेवायचं कोणी? तिथे दोघांची जोडी आहे. खालच्या बाजूला 'वूशेल' नावाचा जीन, तो म्हणत असतो मूळपेशी वाढवा. आणि वर बसलेल्या त्या मूळपेशी स्वतःच एक पेप्टाइड बाहेर सोडतात, 'क्लॅव्हाटा-३', डझनभर अमिनो अॅसिडचं, ते खाली जाऊन वूशेलला सांगतं की पुरे. पेशी जितक्या जास्त तितका 'पुरे'चा आवाज मोठा, वूशेल गप्प बसतो, मग पेशी कमी होतात, मग आवाज कमी होतो, मग वूशेल परत सुरू. घरातल्या पाण्याच्या टाकीतला फ्लोट बघितलायस ना, तसंच.

नावंही बघ कशी आहेत. क्लॅव्हाटा म्हणजे लॅटिनमध्ये गदेसारखं. अॅराबिडॉप्सिस नावाचं मोहरीच्या कुळातलं एक फालतू दिसणारं तण आहे, लॅबवाल्यांचं लाडकं, त्यात हा जीन बिघडला की शेंग टोकाला फुगून अगदी मारुतीच्या गदेसारखी होते. आणि वूशेल जर्मन, विस्कटलेल्या केसांसाठी वापरतात तो शब्द. क्लॅव्हाटा-३ चा जीन १९९९ मध्ये हाती लागला.

आता तुझ्या टोमॅटोकडे. न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतल्या लोकांनी २०१५ मध्ये दाखवलं की बीफस्टेक प्रकारात डीएनएचा सुमारे तीन लाख अक्षरांचा एक तुकडा उलटा बसलाय आणि त्या उलटापालटीत क्लॅव्हाटा-३ चा स्विच तुटलाय. जीन आहे, पण बोलतो हळू. 'पुरे' नीट ऐकू येत नाही, शेंडा जरा रुंद होतो, फुलात पाकळ्या जास्त, कप्पे जास्त, फळ मोठं. शेकडो वर्षांपूर्वी मेक्सिकोकडच्या शेतकऱ्यांनी मोठं फळ दिसलं की त्याचं बी ठेवलं, बस्स, त्यांना कुठलं पेप्टाइड आणि कुठलं काय. त्याच अभ्यासात अजून एक मजेदार गोष्ट निघाली. या पेप्टाइडला साखरेच्या तीन रेणूंची छोटी शेपटी लागते, ती लावणारं एन्झाइम बिघडलं तर पेप्टाइड तयार होऊनही त्याचं कोणी ऐकत नाही आणि टोमॅटोचं फूल अक्षरशः तुझ्या त्या चिकटलेल्या फुलासारखं, त्याहूनही अवाढव्य होतं.

हे फक्त टोमॅटोतच असं नाही. पिवळ्या सरसोंच्या ज्या जातींत शेंगेला दोनाऐवजी जास्त कप्पे असतात त्यांच्यातही याच जीनमध्ये एक अक्षर बदललेलं सापडलंय. आणि शेंडा पसरल्यावर कसं दिसतं ते बघायला लांब जायला नको, दसऱ्याला बाजारात कोंबड्याची फुलं येतात ना, मखमली तुऱ्याची? ती आणि पावसाळ्यात भाजी करतो तो कुर्डू एकाच जातीचे. कुर्डूचा तुरा मेणबत्तीसारखा सरळ, कोंबड्याचा शेंडा रुंद होत होत घडी पडलेला. एक मात्र, कळ्या धरताना रात्री फार थंड असल्या तरी टोमॅटो वाकडातिकडा होतो, तो भाग हवेचा. जानेवारीतल्या फळांवरून जातीला शिव्या देऊ नकोस. आणि काकूंना एक फळ नेऊन दे.

प्रश्न : ताई राम राम. रील बघितली की टोमॅटोच्या एका पानाला अळी लागली की बाकी पानांना 'मेसेज' जातो आणि ती कडू होतात. खरं का बनवाबनवी? आमच्या प्लॉटला तरी अळी सगळी पानं खाते, तिला कोणी सांगितलं नाही वाटतं. (टोमॅटो उत्पादक, नारायणगाव)

दादा, रील अर्ध्याहून जास्त खरी आहे, आणि तुमचा टोमणाही बरोबर आहे.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन गावच्या विद्यापीठात क्लॅरेन्स रायन नावाचे शास्त्रज्ञ होते. १९७२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवलं की बटाटा किंवा टोमॅटोच्या एका पानाला भुंग्याने कुरतडलं की न खाल्लेल्या लांबच्या पानातही एक प्रकारची प्रोटीनं साठायला लागतात. कडू वगैरे नाही हो, ही प्रोटीनं किड्याच्या पोटातलं पचनाचं एन्झाइम अडवतात. किडा खातो, पण अंगी लागत नाही. आजारी माणसाला जेवण वाढलं आणि पचेना, तसं. मग प्रश्न आला की निरोप नेतं कोण? ते शोधायला जवळजवळ वीस वर्षं लागली. किलोच्या किलो पानं पिळून, गाळून, वेगळं करून १९९१ मध्ये पिअर्स, रायन आणि मंडळींनी १८ अमिनो अॅसिडचं पेप्टाइड काढलं, नाव ठेवलं सिस्टेमिन. हे २०० अमिनो अॅसिडच्या मोठ्या प्रोटीनमधून कापून निघतं. आणि लागतं किती, तर एका रोपाला ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी. झाडातलं हे पहिलं पेप्टाइड हार्मोन. पुढे त्यांनी उलटही करून बघितलं, सिस्टेमिन बनणारच नाही अशी टोमॅटोची रोपं केली, त्यावरच्या अळ्या जास्त खाऊन जाड झाल्या.

इथे सगळ्यांनी ठरवलं की सिस्टेमिन देठातून लांब पळत जातं. रीलही इथेच थांबते. पण २००२ मध्ये कलमांचा एक सुंदर प्रयोग झाला. तुम्ही भाजीपाल्याची ग्राफ्टिंगची रोपं बघितली असतील, तसंच, खाली एका प्रकारचं झाड आणि वर दुसऱ्या. जास्मोनेट (वर गुरुजींच्या उत्तरात आलेला एक हार्मोन) बनवू न शकणारं रोप आणि जास्मोनेट ओळखू न शकणारं रोप, असे दोन बिघडलेले प्रकार आलटून पालटून खाली वर लावले आणि खालच्या पानाला जखम केली. निघालं असं की जखमेच्या जागी जास्मोनेट बनायला हवं आणि लांबच्या पानाला ते ओळखता यायला हवं. म्हणजे लांबचा प्रवास करणारं जास्मोनेटच्या घराण्यातलं कोणीतरी आहे, सिस्टेमिन जखमेच्या आसपास बोंब ठोकून ते बनवून घेतं. गावात आग लागली की ओरडणारा वेगळा आणि शेजारच्या गावाला फोन करणारा वेगळा, तसं समजा. सिस्टेमिन ओळखणारा रिसेप्टर कुठला यावरही बराच गोंधळ झाला, आधी एकावर बोट ठेवलं ते चुकीचं निघालं, खरा सापडला २०१८ मध्ये.

आता तुमचा प्लॉट. हे सगळं अळीला मारत नाही, तिची वाढ मंदावते एवढंच. आणि फळ पोखरणाऱ्या हेलिकोव्हर्पासारख्या अळ्या यावरही तोड काढतात, पोटात वेगळी एन्झाइमं काढून. तेव्हा कामगंध सापळे काढू नका.

प्रश्न (तेच दादा, खाली पेनाने) : मर रोगाची बुरशी पण असं काही करते का?

करते, आणि फार पाजी आहे ती. झाडात 'राल्फ' नावाचं पेप्टाइड असतं, तेही रायन यांच्याच लॅबमध्ये २००१ मध्ये तंबाखूत सापडलेलं. ते मुळाच्या आसपासचा आंबटपणा कमी करतं आणि वाढीला लगाम घालतं. मर रोगाच्या फ्युजॅरियम बुरशीने या राल्फची नक्कल स्वतःकडे बनवून ठेवलीय. २०१६ मध्ये टोमॅटोवरच हे दाखवलं गेलं. बुरशी नकली राल्फ सोडते, मुळाभोवतीचा सामू वाढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो, आणि तिला आत शिरायला सोपं जातं. सोयाबीनला त्रास देणारा एक सूत्रकृमी तर क्लॅव्हाटाच्या घराण्यातलं पेप्टाइड स्वतःच्या तोंडातून मुळात सोडतो आणि मुळाच्या पेशींकडून स्वतःसाठी खानावळ उघडून घेतो. खोटी सही करून बँकेतून पैसे काढण्यातलाच प्रकार.

प्रश्न : द्राक्षाला आम्ही जीएचं डिपिंग करतोच. आता दुकानदार 'पेप्टाइड टॉनिक' घ्या म्हणतोय, बाटलीवर "१८ अमिनो अॅसिडयुक्त" लिहिलंय. जीएपेक्षा भारी का? घेऊ का? (द्राक्ष बागायतदार, निफाड)

भाऊ, या प्रश्नासाठी मी तुम्हाला भेळ खाऊ घालेन, कारण वर सिस्टेमिनही १८ अमिनो अॅसिडचंच आहे आणि उद्या कोणीतरी हा कॉलमच बाटलीवर छापेल!

फरक समजून घ्या. सिस्टेमिनमध्ये १८ मणी एका ठरलेल्या क्रमाने ओवलेत, त्यातला एक शेवटचा काढला तरी काम बिघडतं. बाटलीतले १८ म्हणजे सोयाबीनची पेंड, मासळी, कोंबडीची पिसं, जनावरांची कातडी असं काहीतरी अॅसिडने किंवा एन्झाइमने फोडून केलेलं मिश्रण, त्यात सुटी अमिनो अॅसिडं आणि वाटेल तसे तुटलेले तुकडे. एक आलेलं पत्र आणि एक रद्दीचा लगदा, कागद दोन्हीकडे आहे. लगदा वाईट असतो असं मी म्हणत नाही हां, झाड ताणात असताना, फवारणीचा शॉक बसला असताना अशा उत्पादनांचा थोडाफार उपयोग होतो, आणि २०२१ मध्ये अशा उत्पादनांना खत नियंत्रण आदेशात बायोस्टिम्युलंट, म्हणजे झाडाला चालना देणारं उत्पादन, म्हणून जागाही मिळाली. पण ते हार्मोन नाही.

जीए म्हणजे जिबरेलिन, लहान आणि टणक रेणू, बुडवलं की घडात शिरतं, द्राक्षाचे मणी लांबवतं. पेप्टाइडचं तसं नाही, पानावरच्या मेणातून आत जाणं अवघड, वर बसलेले जिवाणू आणि पानाची स्वतःची एन्झाइमं त्याला फोडून खातात, आणि बनवायला महाग. शिवाय वर कोथरूडचं उत्तर वाचलंत तर लक्षात येईल की यातली कितीतरी पेप्टाइडं वाढ थांबवणारी आहेत. बशीत वाढणाऱ्या अॅराबिडॉप्सिसच्या रोपाला क्लॅव्हाटा-३ दिलं की मूळ आखूड होऊन थांबतं. असली 'टॉनिक' कोणी खरंच बनवून दिली तर तुम्हीच त्याच्या दुकानावर मोर्चा न्याल. लेबलवर नोंदणी आणि घटक बघा, मग एका ओळीवर मारून शेजारची ओळ कोरी ठेवा आणि स्वतः ठरवा. माझ्याकडून विचाराल तर जीएची मात्रा आणि वेळ चुकवू नका, ते पैसे तिथे वसूल होतात.

प्रश्न : सोयाबीनच्या मुळाला गाठी फारच कमी, रायझोबियम चोळलं होतं. भावाने पेरताना युरियापण दिला. गाठी वाढवायचं काही औषध आहे का, जितक्या जास्त तितकं नत्र ना? (शेतकरी, औसा, जि. लातूर)

युरियानेच घोळ केला बहुतेक. एक गाठ अंगठ्याच्या नखाने फोडून बघा, आत लालसर गुलाबी दिसली तर कामावर आहे, पांढरट हिरवी असेल तर नुसती बसून खातेय.

"जितक्या जास्त तितकं चांगलं" हे मात्र सोयाबीनला स्वतःला मान्य नाही. गाठीतल्या जिवाणूंना, म्हणजे त्या रायझोबियमला, साखर पुरवावी लागते, फुकट काम नाही करत ते. म्हणून पहिल्या काही गाठी धरल्या की मूळ एक पेप्टाइड बनवतं, क्लॅव्हाटाच्याच नात्यातलं, ते वरच्या पानांपर्यंत चढतं, पानातला 'नार्क' नावाचा रिसेप्टर ते ओळखतो आणि खाली निरोप देतो की आता नवीन गाठी नकोत. गंमत बघा, मोजायच्या मुळावरच्या गाठी आणि हिशेब ठेवणार पान! १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराला ग्रेसहॉफ आणि मंडळींनी 'ब्रॅग' जातीपासून अशी रोपं मिळवली ज्यांना हा 'पुरे' कळतच नव्हता. मुळं गाठींनी नुसती लगडलेली, नत्र टाकलं तरी थांबेनात. कलम करून बघितलं तर बिघाड शेंड्यात, मुळात नाही. आणि ती रोपं जोमदार वाढली का? नाही, खुरटली, मुळं आखूड राहिली, सगळी कमाई गाठी पोसण्यात गेली. २००३ मध्ये नार्कचा जीन सापडला तेव्हा कळलं की त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे अॅराबिडॉप्सिसच्या शेंड्यात 'पुरे' ऐकणारा रिसेप्टर. तेच कुलूप, दुसऱ्या दाराला लावलेलं.

जमिनीत नायट्रेट भरपूर असलं की मुळं आणखी एक तसलंच पेप्टाइड बनवतात आणि जागच्या जागी गाठी अडवतात. तुमच्या भावाचा युरिया इथे आडवा आला. उलट उपाशी असताना वेगळा निरोप जातो. हे जपानमध्ये अॅराबिडॉप्सिसवर झालं, मुळं दोन भागांत वाटली, अर्धी नत्र असलेल्या बाजूला, अर्धी बिननत्राच्या. उपाशी अर्ध्याने १५ अमिनो अॅसिडचं पेप्टाइड वर पाठवलं आणि शेंड्याने खायला मिळत असलेल्या दुसऱ्या अर्ध्याला सांगितलं की तू जास्त ओढ, तुझा भाऊ उपाशी आहे. २०१४ चं काम आहे हे, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस भेटेल त्याला हेच सांगत होते.

पुढच्या खरिपात पेरणीचा युरिया आवरा, बियाण्याला आधी बुरशीनाशक लावून वाळवा आणि रायझोबियम शेवटी सावलीत चोळा. औषध नाही.

प्रश्न : मॅम मी बारावी सायन्सला आहे. तुम्ही मागच्या अंकात पाच लिहिलंय, सर पण पाच म्हणतात, माझा भाऊ म्हणतो पेप्टाइड पण लिही. नीटमध्ये काय करू? (विद्यार्थिनी, सातारा)

पुस्तकात पाच गट आहेत, पाचच लिही. भावाला सांग, अॅराबिडॉप्सिसमध्ये नुसते क्लॅव्हाटाच्या घराण्यातलेच तीसेक जीन आहेत, एका प्रश्नात कुठे मावणार? आणि केळी पिकवतं ते इथिलीनच, त्यात काही बदल झालेला नाही.